राबातलं सरगॅसम

"मावळात राहून समुद्राचं शेवाळ?" हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की आता मी नुसती हसते. पूर्वी चिडायचे. मुळात मी तापट, त्यात विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर ते मिस्कील हसू, मग काय विचारता! अहो, खंडाळ्याच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेल्या मुलीनं समुद्राचं नावच काढू नये असा काही कायदा आहे का? आमच्या क्वार्टरमागं दरी होती आणि दरीखाली कोकण. पावसानंतरच्या स्वच्छ हवेत तिथून समुद्राची रेघ दिसते, असं वडील छातीठोकपणे सांगायचे. मला ती रेघ जन्मात कधी दिसली नाही. पण ती तिथं आहे, एवढं मात्र डोक्यात पक्कं बसलं.

एम.एस्सी.च्या सहलीत मी पहिल्यांदा ओहोटीच्या खडकांवर उतरले. गुडघाभर पाण्यात पायाला काहीतरी मऊ लागलं आणि मी अशी किंचाळले की सगळा वर्ग हसला. खाली पाहिलं तर तपकिरी झुडूप, पाण्याबरोबर डुलणारं, आणि त्याला वाटाण्यापेक्षा लहान फुगे. एक फुगा बोटांनी दाबला. टचकन फुटला. दुसरा दाबला. बाकीचे डबे उघडून जेवायला बसले तरी मी आपली फुगे फोडत उभी. झालं, तिथंच मी अडकले ती अडकलेच.

त्याचं नाव सरगॅसम. शास्त्रात ते झाड नव्हे, शैवाल. पण मी झाडच म्हणते, सवय आहे. त्याला मुळं नसतात. बुडाशी एक चकती असते, ती खडकाला घट्ट चिकटते, आणि फुग्यांतल्या हवेमुळं बाकीचं अंग पाण्यात उभं राहतं. जाती अनेक, आणि त्या ओळखणं म्हणजे डोक्याला ताप. एकाच झाडाची खालची पानं वेगळी, वरची वेगळी. लाटांच्या माऱ्यात वाढलेलं एक दिसतं, शांत डबक्यातलं दुसरंच. म्हणून पान, फुगा, फळणारी फांदी, सगळं एकाच झाडावर पाहावं लागतं. मी ज्या जातीच्या मागं लागले होते तिचं पान आखूड, रुंद, जाडसर. कडेला करवतीसारखे दाते. मधली शीर टोकापर्यंत न जाता मध्येच विरून जाणारी. फुगा गोल आणि त्याच्या कडेला पानाची बारीक झालर.

ही जात आपल्या किनाऱ्यावर कुठं कुठं वाढते, हा माझ्या प्रबंधाचा विषय होता. लोणावळ्याच्या कॉलेजात तासावर शिकवायचं, सुट्टी लागली की भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघून घाट उतरायचा आणि चिखलानं, खाऱ्या पाण्यानं माखून परत यायचं, अशी कित्येक वर्षं काढली. एका खाडीच्या तोंडाशी, जिथं सगळी वाळूच वाळू आहे, तिथं मध्येच एक काळ्या खडकाचं टेकाड समुद्रात घुसलंय. त्या टेकाडावर माझी जात मला उगवलेली सापडली. मी वाचलेल्या कुठल्याच नोंदीत ती जागा नव्हती. मी तिथं खडकावर एकटीच ओरडले, "अगं, तू इथं?"

आता यात मेख अशी, की सरगॅसम तरंगतं. वादळात उपटलं गेलं की लाटांबरोबर कुठल्या कुठं जातं. त्यामुळं किनाऱ्यावर सापडलं म्हणजे तिथं वाढतं असं होत नाही. तिथंच वाढतं हे सिद्ध करायचं तर चकतीसकट, खडकाला चिकटलेलं झाड दाखवावं लागतं. मी छिन्नी-हातोडीनं खडकाचा ढलपाच काढला, मुठीत मावेल एवढा, त्यावर चकती आणि चकतीवर झाड. जागा आणि तारीख खिळ्यानं कोरलेला पत्र्याचा बिल्ला तांब्याच्या तारेनं त्या दगडाला बांधला. दगडासकट झाड काही कागदावर दाबून चिकटवता येत नाही. म्हणून ते सुकवून जुन्या साडीच्या पिशवीत घातलं. कॉलेजचं कपाट लोणावळ्याच्या पावसाळ्यात आतून गळतं, तिथं ठेवायची सोय नाही. म्हणून पिशवी कान्ह्याला, माझ्या सासरी, पडवीतल्या खुंटीला.

सासूबाईंना तो वास अजिबात खपायचा नाही. "बोंबलाचा वास परवाडला, पर ह्ये नगं बाई," असं म्हणत त्या पडवीतून जाताना पदर नाकाला लावायच्या. "बोंबील निदान खाता तरी येतो!" सासरे, म्हणजे आबा, मात्र कौतुकानं बघायचे. येईल-जाईल त्याला सांगायचे, "आमची सून समुद्राची डाक्टर होनार हाय." समुद्राला काय आजार झालाय, असं कुणी विचारलं की आबा त्याला चहाही न देता वाटेला लावायचे.

प्रबंध दिला. बाहेरच्या परीक्षक बाईंचा अभिप्रायही आला. आणि एप्रिलमधल्या एका सकाळी माझ्या मार्गदर्शक सरांचा स्टाफरूममध्ये फोन आला. "मॅडम, सोमवारी तुमची तोंडी परीक्षा. परीक्षकांना बाकी सगळं पटलंय. फक्त ती खाडीजवळची नोंद. वाहून आलेलं असेल, अशी शंका आहे त्यांना. चकतीसकट नमुना आणा. नसेल तर ते अख्खं प्रकरण काढून पुन्हा लिहावं लागेल."

पुन्हा लिहायचं म्हणजे वर्ष गेलं. जूनमध्ये आमच्या कॉलेजात कायम जागेसाठी मुलाखती होत्या. इतकी वर्षं मी त्या एका जागेकडं डोळे लावून बसले होते, आणि डॉक्टरेट हातात नसेल तर तिथं अर्जसुद्धा चालणार नव्हता. तरी मला जराही भीती वाटली नाही. "आहे ना सर, घरीच आहे, खुंटीला टांगलंय," मी ऐटीत सांगितलं.

दुपारच्या लोकलनं मी कान्ह्याला निघाले. खिडकीतून शेतांत जागोजागी निळसर धूर उठलेला दिसत होता. राब भाजायचे दिवस. भाताची रोपं ज्या वाफ्यात करायची तो वाफा आधी भाजून घेतात, त्याला आमच्याकडं राब म्हणतात. शेण, फांद्या, पालापाचोळा, गवत असे थर रचायचे, वरून बारीक माती पसरायची आणि वाऱ्याच्या उलट दिशेनं पेटवायचं. ज्वाळा उठत नाहीत, आग आपली धुमसत, हळूहळू पुढं सरकते. हल्ली राब भाजणारे कमी झालेत. निम्म्या खाचरांवर फार्महाऊस उभी आहेत आणि उरलेल्यांना खताची गोणी सोपी वाटते. आबा मात्र ऐकत नाहीत. तो धूर बघून मला फार बरं वाटलं होतं. गाडीत चक्क गुणगुणत होते मी!

घरी आले, चपला काढल्या आणि खुंटीकडं पाहिलं. खुंटी रिकामी.

"आई, पिशवी कुठाय?"

सासूबाई तांदूळ निवडत होत्या. "कंची? त्या वासाची? सकाळधरनं न्हाई बाई. म्या न्हाई हात लावला."

मी पडवीभर नजर फिरवली. पडवीच्या कोपऱ्यात उरल्यासुरल्या, तुटक्या सरगॅसमचं एक पोतं असायचं. ते मी स्वतः आबांना देऊन टाकलं होतं, खताला घ्या म्हणून. तेही जागेवर नव्हतं. आबांना अर्धवट काम आवडत नाही. झाडायला घेतलं की कोपरा न् कोपरा लखलखीत.

मी अनवाणीच पळाले. खाचरं घरामागंच आहेत. आबा बांधावर उभे होते, डोक्याला टॉवेल, हातात खोरं, समोर तीन वाफे धुमसतायत. मला बघून त्यांचा चेहरा फुलला. "आलीस व्हय? बघ, तुझं समुद्राचं खत समदं घातलं राबात. पोत्यातलं घातलं, खुंटीवरचं बी घातलं. औंदा रोपं बघ कशी तरारत्यात!"

मग मी जे काही बोलले ते इथं लिहीत नाही. आवाज मात्र पलीकडच्या फार्महाऊसवर पोचला असणार, कारण तिथला वॉचमन गेटाबाहेर येऊन बघायला लागला. आबा ऐकत राहिले. त्यांना सरगॅसम, चकती, परीक्षक यांतलं किती कळलं कुणास ठाऊक, पण "माझी सगळी वर्षं जाळलीत आबा" हे कळलं. हातातलं खोरं खाली टेकलं. डोक्यावरचा टॉवेल काढून हातात घेतला. इतक्या वर्षांत मी त्या माणसाला असं पाहिलं नव्हतं. बैल मेला तेव्हासुद्धा नाही.

रडून मोकळी झाले तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अगं बाई, हे शेवाळ आहे, पेंढा नव्हे! समुद्रातलं झाड कितीही सुकवा, अंगातलं मीठ जात नाही, आणि मीठ हवेतला ओलावा ओढतच राहतं. खुंटीवरच्या पिशवीत हात घातला की ते उघड्या राहिलेल्या पापडासारखं मऊ लागायचं. असलं काही सहजासहजी पेटायचं नाही. आणि ती पिशवी उघडी थोडीच होती. वरून माती तर असणारच.

"आबा, पिशवी कुठल्या वाफ्यात? वरती का खालती?"

"ह्यात न्हाई. त्या पल्याडच्यात. पार तळाला, शेनाखाली," ते घाईघाईनं म्हणाले. "सोडली न्हाई, तशीच ठिवली गठुळं करून."

पल्याडच्या वाफ्यात आग निम्म्यापर्यंत आली होती. आबांनी खोरं उचललं आणि आगीच्या पुढं आडवी चरी मारायला सुरुवात केली. त्यांच्या वयाला न शोभणारा वेग होता तो. जळतं एका बाजूला, न जळलेलं एका बाजूला. पण पिशवी नेमकी चरीच्या जळत्या बाजूला! सासूबाई कळशी घेऊन धावत आल्या, ओतणार एवढ्यात मी ओरडले, "पाणी नको आई! राखेचा चिखल होईल, काही हाती लागणार नाही!" त्या बिचाऱ्या कळशी कमरेवर घेऊन तशाच उभ्या राहिल्या.

आबांनी माती ओढली, मग निखाऱ्यासारखी लाल झालेली शेणी बाजूला केली. खालून पांढरा, दाट, घाणेरडा धूर आला. सासूबाईंनी सवयीनं पदर नाकाला लावला. मला मात्र तो धूर बघून उड्या माराव्याशा वाटल्या. धूर येतोय म्हणजे ओल आहे, म्हणजे काहीतरी उरलंय! साडीचं वरचं कापड जळून गेलं होतं, वरच्या फांद्या काळ्या कोळसा. मी काठीनं उलथलं. हाताला चटके बसत होते. आधी पत्र्याचा बिल्ला दिसला, काळा पडलेला. मग तार. मग दगड.

दगडावर चकती होती. चकतीवर तीन दांडे. दोन जळून नुसते खुंट राहिलेले, आणि तिसरा, दगडाच्या आडोशाला खाली दबलेला, बोटभर लांब. त्याला चुरगळलेलं काहीतरी चिकटलं होतं. पान असेल, पानाचा कोळसाही असेल. बोट लावायची माझी हिंमत होईना. पान ओळखता आलं नाही तर ही नुसती कुठल्या तरी सरगॅसमची चकती, आणि तिथं दुसऱ्या जातीही वाढतात. मग पुन्हा तेच, सिद्ध काहीच होत नाही.

घरी आणून मोठी परात घेतली. "मीठ द्या आई." सासूबाईंनी डबाच पुढं केला. "किती खारट आसतंय तुझ्या समुद्राचं पानी?"

"बिघडलेल्या आमटीपेक्षा जास्त."

त्यांनी मूठ मूठ टाकली, बोट बुडवून चाखलं, तोंड वाकडं केलं, आणखी टाकली. मग मी तो दगड हलकेच पाण्यात ठेवला. आम्ही दोघी परातीभोवती मांडी घालून बसलो. आबा आत आलेच नाहीत, दाराच्या चौकटीला टेकून उभे राहिले.

आधी काहीच झालं नाही. पाण्यावर राख तरंगली. मग ते चुरगळलेलं काळपट काहीतरी जरासं हललं. एक कड उलगडली. मी भिंग डोळ्याला लावलं. कडेला दाते होते. बारीक, टोकदार, एकाशेजारी एक. पान सावकाश पसरलं, आखूड, रुंद. मधली शीर निघाली आणि टोकाच्या आधीच विरून गेली. टोक थोडं करपलं होतं, पण शीर विरली ती करपलेल्या भागाच्या खालीच. आणि पानाच्या बगलेत एक फुगा, गोल, एका बाजूनं चेपलेला, कडेला झालर. शेजारी फळणाऱ्या फांदीचा काटेरी तुकडा. सगळं एकाच दांड्यावर, दांडा चकतीवर, चकती दगडावर.

"आहे!" मी म्हणाले. "आई, आहे!" आणि सासूबाईंच्या गळ्यातच पडले. माझे हात काळे, त्यांचं पातळ धुतलेलं, पण त्यांनी मला दूर केलं नाही. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते त्या परातीसमोर मला कळलं. दाराकडं वळून पाहिलं तर आबा निघून गेले होते.

सोमवारपर्यंत आबा माझ्याशी नीट बोलले नाहीत. रागानं नव्हे. चहा दिला की "ठेव" म्हणायचे, मान खाली. मीच बोलायला गेले, "आबा, सापडलंय सगळं, आता काय?" तर म्हणाले, "सापडलं खरं. पर त्या बाईंनी न्हाई म्हनलं तर?"

"तर पुढच्या वर्षी," मी म्हणाले. माझाच आवाज मला खोटा वाटला, त्यांनाही वाटला असणार.

परीक्षक बाई वयानं मोठ्या होत्या, केस पिकलेले, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. सगळ्यांसमोर त्यांनी माझ्या डब्यातला दगड उचलला आणि नाकाशी नेला. "याला धुराचा वास का येतोय?"

माझ्या सरांनी डोळे मिटून घेतले. काय काय कारणं सांगता येतील याचा मी लोकलमध्ये विचार केला होता, पण ऐन वेळी खरंच तोंडातून बाहेर पडलं. "राबात भाजला गेला, मॅडम. सासऱ्यांना खत वाटलं."

त्या इतक्या हसल्या की चष्मा नाकावरून घसरला. "अहो, माझं माहेर कोकणातलं! आमच्याकडंही राब भाजतात. पण सरगॅसम घालून भाजलेला हा पहिलाच!" हसू आवरून त्यांनी भिंग घेतलं. पान पाहिलं, फुगा पाहिला, बिल्ल्यावरची जागा वाचली. मग चकतीच्या कडेखाली नख घातलं आणि जोर लावून बघितला. ती तसूभरही हलली नाही. "आगीतून निघाली तरी खडक सोडला नाही हिनं," त्या म्हणाल्या. "वाहून आलेली नाही. ही तिथलीच आहे. नोंद राहू द्या."

पुढं काय काय झालं ते मला धड आठवत नाही. अभिनंदन, चहा, फोटो. सरांनी "आता तरी घरी खुंटीला टांगू नका" असं म्हटल्याचं आठवतं. जिन्यात आले, पायरीवर बसले आणि घरी फोन लावला. सासूबाईंनी उचलला.

"झालं, आई. मान्य केलं त्यांनी."

मग त्यांचा आवाज, माझ्याशी नव्हे, आत कुणाला तरी ओरडून सांगणारा: "आवो, ऐकलं का? झालं म्हनती!" आणि मग दबक्या आवाजात मला, "सकाळधरनं त्वांडात पान्याचा थेंब घ्यातला न्हाई गं ह्यांनी. दुपार टळली. पोरीचा फोन येऊ दे म्हनत्यात. मी तरी किती सांगू?"

फोन आबांच्या हातात गेल्याचं मला श्वासावरून कळलं. मी वाट बघितली. जिन्यावरून मुलं वर-खाली करत होती, मी पदरानं डोळे पुसत होते आणि मला कुणाचीही लाज वाटत नव्हती.

"आबा?"

"व्हय," ते म्हणाले. "बरं झालं. जेवतो आता."